बिलापोटी आलेला क्लब

११ जून १९७९

ही डायरी मागच्या सालाची आहे. आत एक अक्षर लिहिलेलं नाही. छापलेली तारीख बरोबर, वार चुकीचा, साल गेलेलं. मला चालतंय. विहारात प्रौढवर्ग घेणाऱ्या कमळाबाई म्हणतात, रोज चार ओळी लिहा, नाहीतर शिकलेलं विसराल. रोज चार ओळींइतकं काही घडत नाही. आज घडलं.

दुपारी पहिल्या पाळीची माणसं जेवून गेली आणि रंगनाथ शेठ आला. सोबत हातगाडी, हातगाडीवर पत्र्याची पेटी. या माणसाचा सातपूरला लेथ मशीनचा छोटा कारखाना, आणि डोक्यात फुटबॉलचं खूळ. स्वतःचा क्लब काढलेला, ‘ज्योत फुटबॉल क्लब’. क्लबची पोरं माझ्या खाणावळीत जेवायची आणि बिल शेठच्या नावावर. दिवाळीपासून एक पैसा आला नाही.

‘‘चांगुणाबाई, पैसे नाहीत,’’ म्हणाला.

म्हणलं, ‘‘ते मला दिवाळीपासून दिसतंय. दुसरं काही असेल तर बोला.’’

‘‘मोठ्या कंपनीनं ऑर्डर बंद केल्या. कारखान्याला कुलूप लावलं, मशीनं गेली. माझ्याजवळ आता फक्त क्लब उरलाय. बिलापोटी तो तुम्ही घ्या.’’

‘‘घेऊन काय करू? फोडणीत टाकू?’’

तो रडायलाच लागला. बाप्या माणूस रडायला लागला की मला तव्यावरची भाकरी करपल्यासारखं होतं. कसंही करून लवकर उलटावी वाटते. म्हणलं, ठेवा पेटी. त्यानं कागद वाचून दाखवला. माझं लक्ष कागदाच्या तळाशी होतं. तिथं सही करायची होती. आजवर नुसते अंगठे उठवले, आज पहिल्यांदा सही केली. चांगुणा, पूर्ण, काना-उकारासकट. शेठ काय वाचत होता ते नीट ऐकलं नाही, पण सही झकास आली.

पेटीत निघालं ते असं. निळ्या-पिवळ्या जर्सी, दोन फुटबॉल (एक मेलेला), हवा भरायचा पंप, शिट्टी, एक कान तुटलेला कप आणि ही डायरी.

१३ जून

धोंडीराम, माझा मुलगा, कंपनीत फिटर आहे. पाळीवरून आला, पेटी बघितली, चहा न पिता बोलायला लागला.

‘‘आई, क्लब म्हणजे काय असतं माहीत आहे का तुला?’’

‘‘पेटी आहे. उघडून बघ.’’

‘‘क्लब म्हणजे खर्च! नुसता खर्च! बिल बुडालं ते बुडालं, वर हे लोढणं?’’

सून लंका बाजूला भाकरी थापत होती. ती कधी मध्ये बोलत नाही. तिचं थापणं तेवढं जोरात व्हायला लागतं.

धोंडीरामचं चुकत नाही. पण त्याला एक गोष्ट आठवत नाही, मला आठवते. पाच वर्षांमागं ही खाणावळ काढली तेव्हा माणसं दारापर्यंत यायची, वास घ्यायची, खूश व्हायची. मग नाव विचारायची, मग आडनाव. जयभीमवाली आहे म्हणलं की कुणाला काम आठवायचं, कुणाचा आज उपास असायचा. अकरा दिवस मी भाजी केली आणि अकरा दिवस आम्हीच खाल्ली. बाराव्या दिवशी ही फुटबॉलची पोरं मैदानावरून आली, गुडघ्यापर्यंत चिखल. पुढं भिकन, सटाण्याकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. म्हणाला, ‘‘आजी, भूक लागनी शे,’’ आणि बसला खाली. त्याच्यामागं बाकीचे बसले. त्यानं माझं आडनाव विचारलं नाही, मी त्याला पाय धुवायला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, घर सगळं चिखल झालं. त्यांना बसलेलं बघून मग दुसरे बसले.

हे उपकार आहेत. उपकार फेडायचे असतात, मग ते चिखलाच्या पायांनी का येईनात.

१७ जून

पोरांना बोलावून सांगितलं. शेठ गेला, आता मालक मी. पहिली गोष्ट, जेवणाचे पैसे ज्याचे त्यानं द्यायचे. सगळे कुठल्या ना कुठल्या कंपनीत लागलेले आहेत, कुणी लहान नाही.

दुसरी गोष्ट, ताटाचा नियम मालकाच्या पोरांनाही तोच. माझ्याकडं प्रत्येक मेंबराचं स्वतःचं स्टीलचं ताट आहे, भांडी बाजारातून नाव कोरून आणलेलं. ताटं मांडणीवर असतात. एखाद्या जेवणाला यायचं नसेल तर आधीच येऊन आपलं ताट उपडं घालायचं. उपडं म्हणजे खाडा, त्या जेवणाचे पैसे कापले जातात. ताट उताणं असलं की तुझ्या नावची भाकरी थापली गेली. मग तू ये नाहीतर मर, पैसे पडणार.

भिकन म्हणाला, ‘‘आजी, मालक म्हणून तू काय करणार?’’

म्हणलं, ‘‘रंगनाथ काय करायचा?’’

‘‘खुर्चीवर बसून ओरडायचा.’’

‘‘मग मला शिकायला काही उरलं नाही.’’

लय हसले. निलाजरे.

२ जुलै

आज बुटाच्या दुकानाचा माणूस आला. बावीस जोड बूट, उधार. म्हणलं, रंगनाथकडं जा. त्यानं कागद दाखवला, खाली माझी झकास सही. मालमत्ता आणि जबाबदारी, दोन्ही मी घेतली म्हणे. लीगची दोन सालांची फी पण माझ्याच डोक्यावर.

म्हणलं, ‘‘म्हैस विकत घेतली तर आधीच्या धन्यानं घातलेल्या पेंडीचे पैसे मी भरायचे का?’’

तो म्हणाला, ‘‘आजी, तुम्ही सही केलीय.’’

अंगठा असता तर जपून उठवला असता.

आता खरी अडचण लिहिते. आठ महिने पोरं फुकट जेवली, ती ज्वारी-बाजरी, तेल, डाळ सगळी जयराम शेठच्या दुकानातून उधारीवर आलेली, माझ्या नावावर. शेठ सज्जन आहे, माझ्याकडचं पाणी पीत नाही एवढंच. आज तो पण आला. ‘‘बाई, दसऱ्याला खातं मिटवा. नाही मिटलं तर मला भांडी न्यावी लागतील.’’ माझी मोठी पातेली, पराती, हंडे त्यानं मोजून घेतले. तांब्या-पितळेची आहेत, नवऱ्याच्या मागं एकेक करून जमवलेली. दसऱ्यापर्यंत वापरायला माझ्याकडं, नंतर त्याची. भांडी गेली की खाणावळ गेली. पन्नास माणसांची आमटी वाटीत शिजत नाही.

धोंडीराम पातेल्यांकडं बघून परत बाहेर गेला. त्याचं ओरडणं परवडलं.

८ जुलै

मालक झाल्यावरची पहिली मॅच, गोल्फ क्लबच्या मैदानावर. पोरांना ताकद यावी म्हणून सकाळी अकरा वाजता जेवायला बसवलं. मटण, बाजरीची भाकरी, वर भात. वाढायला मी स्वतः. माझ्यासमोर नको म्हणायची कुणाची छाती नाही.

पाच गोल खाल्ले. पेठकडचा सहादू आमचा गोली. तो गोलात उभा राहून ढेकर देत होता. बॉल शेजारून गेला तर त्यानं मान वळवून बघितलं, एसटी गेल्यासारखं. वाल्मीक तर पळता पळता पोट धरून खालीच बसला.

मॅचनंतर भिकन म्हणाला, ‘‘आजी, खेळायच्या आधी एक केळं खायचं असतं. जेवण नंतर.’’

‘‘मग आधी सांगायचं की मेल्या.’’

‘‘तू वाढत होतीस.’’

एक बरं झालं. वाल्मीकनं उभं राहून शेवटी एक गोल मारला, पण पंच म्हणाला, हा नाही, ऑफसाइड. चोरी केली का विचारलं, तर नाही, बॉल यायच्या आधीच पुढं जाऊन उभा होता. रांग मोडून पुढं उभा राहणाऱ्याला खाणावळीत मी पण वाढत नाही. नियम चांगला आहे. या खेळात काहीतरी अक्कल आहे म्हणायची.

२२ जुलै

एक-एक बरोबरी. रिकाम्या पोटी चांगले पळतात. एवढी साधी गोष्ट पाच गोल खाऊन शिकले.

५ ऑगस्ट

आजचं लिहायचं मन नाही, पण लिहिते.

मालेगावचा क्लब आला होता. सगळे माग चालवणारे विणकर. त्यांचा पुढारी खलील मोमीन, वयानं मोठा, दाढीत पांढरं. पाहुण्या टीमला जेवण घालायची रीत आहे. या वेळी शहाणपणानं मॅचनंतर ठेवलं. मॅच बरोबरीत सुटली. सगळे खाणावळीत आले, पाय धुतले, ओळीनं बसले. मी ताटं वाढली. आमची पोरं तुटून पडली. मालेगाववाल्यांचा हात ताटाकडं जाईना. एक जण भिंतीकडं बघतोय, एक जण जमिनीकडं. पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी उचलला नाही.

मला ते बघणं ओळखीचं आहे. अकरा दिवस तेच बघितलंय.

माझं टाळकं सरकलं. म्हणलं, ‘‘माझ्या हातचं चालत नसेल तर तोंडानं सांगा. जयभीमवाली आहे मी, लपवून ठेवलेलं नाही. भाकरीसमोर बसून भिंती कसल्या बघता?’’

भिकननं माझा पदर ओढला, त्याचाही हात झटकला. खलीलभाई उठून उभा राहिला, एकदम हळू बोलला.

‘‘अम्मा, रोजा है. सबका. मगरिब हो जाने दो, फिर जो देंगी वो खाएंगे.’’

रमजान चालू आहे हे मला माहीत होतं. डोक्यात शिरलं नव्हतं. ही माणसं पहाटेपासून थेंबभर पाण्याशिवाय, अशीच पळत होती, आमच्या पोरांच्या बरोबरीनं. आणि समोर गरम ताट घेऊन भिंतीकडं बघत होती, ताट उचला म्हणायची भीड वाटली म्हणून.

मला माफी मागता येत नाही. चूल पेटवता येते. पाहुण्यांची ताटं उचलली, सगळं परत पातेल्यात टाकलं, लंकेला म्हणलं, आच कर. आमच्या पोरांना भरल्या ताटावरून उठवलं, पाहुण्यांबरोबर जेवा म्हणलं. धोंडीरामला खजूर आणायला सांगितला. तो उलट बोलेल वाटलं होतं. सायकल काढून गावात गेला आणि खजूर तर आणलाच, वर केळी पण स्वतःच्या पैशानं.

खलीलभाई जरा घुटमळला. ‘‘अम्मा, गोश्त...’’

‘‘मुलाण्याकडचं आहे. मी काय स्वतः कापते?’’

तेव्हा पहिल्यांदा सगळे हसले.

सूर्य बुडाला, मगरिब झाली. खजूर खाल्ला, पाणी प्याले. एवढं पाणी पिताना मी माणसं बघितली नाहीत. मग जेवले, आमची पोरं त्यांच्या मध्ये मध्ये बसलेली. भाकरी पुरेनात म्हणून मी आणि लंका दोघी थापत होतो. जाताना त्यांनी ताटं स्वतः धुवून ठेवली. खलीलभाई म्हणाला, ‘‘अम्मा, आपका नमक खाया है.’’

म्हणलं, ‘‘मीठ जरा जास्तच पडलं होतं.’’

देवाधर्माचं मला कळत नाही. पण शिव्या खाऊन वर आभार मानणारी माणसं एका दिवसात अकरा भेटली, ही काय थोडी गोष्ट आहे?

१९ ऑगस्ट

काल लीगची फी भरायची मुदत वाढवून मागितली. सप्टेंबरअखेरपर्यंत मिळाली. जयराम शेठचं खातं निम्मंसुद्धा हललं नाही. बुटाचा माणूस दर सोमवारी येऊन बसतो, मी त्याला चहा देते, चहाचे पैसे त्याच्या बाकीतून कापायला तो तयार नाही.

मी विचार केला. क्लब ठेवला तर भांडी जातील. भांडी गेली तर खाणावळ जाईल. खाणावळ गेली तर क्लबला जेवायला कोण घालणार? म्हणजे क्लब ठेवला तर क्लबही जातो. हे गणित कमळाबाईंनी शिकवलेलं नाही, माझं मला सुटलं.

संध्याकाळी पोरांना सांगितलं, दसऱ्याआधी क्लब बंद करते. जर्सी आणि बॉल विकून बूटवाल्याला जे मिळेल ते देते. कुणी जेवेना. भिकननं भाकरीचा तुकडा ताटात फिरवला.

‘‘आजी, दसऱ्यापर्यंत थांब.’’

‘‘तोवर काय आभाळातून पडणार आहे?’’

‘‘थांब फक्त.’’

लंका त्याला वाढायला वाकली होती. दोघांनी एकमेकांकडं बघितलं असं मला वाटलं. भाजी हवी असेल त्याला.

थांबते म्हणलं. बंद करायला काही मुहूर्त लागत नाही, कधीही करता येतं.

२ सप्टेंबर

नवीन मेंबर यायला लागलेत. या आठवड्यात नऊ. सगळे निरनिराळ्या कंपन्यांतले, दोघा-दोघांनी येतात. एकानं विचारलं, ‘‘फुटबॉलवाली आजी तुम्हीच का?’’ दुसऱ्यानं तर महिन्याचे पैसे आधीच हातावर ठेवले. माझ्या उभ्या जन्मात खाणावळीचे पैसे आधी देणारा माणूस भेटला नव्हता. मी नोट उजेडात धरून बघितली.

आणि ताट कसं ठेवायचं, उपडं कधी घालायचं, हे मला एकालाही सांगावं लागलं नाही. आल्या आल्या माहीत.

मी हल्ली आमटीला गूळ जरा जास्त घालते. त्याची चव पसरली असणार. धोंडीरामला तसं बोलले. तो म्हणाला, ‘‘हो आई, गुळाचंच आहे.’’ चला, एवढ्या दिवसांनी एकदा कबूल केलं.

९ सप्टेंबर

पोरांना विसरण्याचा रोग झालाय. सहादू चार दिवस पेठला घरी गेला, ताट उताणं! वाल्मीकनं पाळी बदलली, आठवडाभर दुपारी आलाच नाही, ताट उताणं! भिकन सटाण्याला बहिणीकडं गेला, ताट वरच्या फळीवर आकाशाकडं बघतंय. मी नियमाची आहे. उताणं म्हणजे पैसे. सगळ्यांचे पूर्ण पैसे धरले. वाटलं, आता तरी भांडतील. मुकाट दिले. वर सहादू म्हणतो, ‘‘आजी, चूक माझीच, विसरलो.’’

म्हणलं, ‘‘डोकं मैदानावर ठेवून आलास का? कष्टाचे पैसे असे घालवतोस, आईला पाठव की.’’

खाली मान घालून हसतो. मार खायची लक्षणं.

लंकेलाही विचारलं, एवढी माणसं न येता भाकरी वाया किती गेली? म्हणाली, ‘‘एकही नाही आत्याबाई.’’ ताटं उताणी, माणसं गायब, आणि भाकरी बरोबर जेवणाऱ्यांपुरतीच. तिचा अंदाज कसा चुकत नाही कुणास ठाऊक. सून चांगली मिळाली मला. तिला सांगितलेलं नाही, शेफारायला नको.

१२ सप्टेंबर

दुपारी खलीलभाई आला, मालेगावहून एसटीनं, एकटा. कागदात गुंडाळलेलं लुगडं पुढं ठेवलं. त्यांच्या मागावरचं, हिरवं, काठाला लाल. म्हणाला, ईदचं आहे, उशीर झाला.

म्हणलं, ‘‘एवढ्यासाठी भाडं घातलं?’’

‘‘नहीं अम्मा. भिकनने सब बताया.’’ म्हणाला, त्यांची टीम परत मॅच खेळायला येणार. मैदानाला कनात लावू, आठ आण्याचं तिकीट ठेवू. मालेगावची माणसं फुटबॉल म्हणलं की माग बंद ठेवून येतात, तीन ट्रक तर नक्की. पैसे सगळे ज्योत क्लबचे.

‘‘आणि तुमचा वाटा?’’

‘‘हमारा वाटा खाना है. नमक थोडा कम.’’

मी आत जाऊन उगीच डबे हलवले. भिकनला बडबडायची खोड आहे, त्याला बघते. पण लुगड्याचा पोत खरंच चांगला आहे.

२३ सप्टेंबर

मॅच झाली. सगळं नीट लिहिते, नाहीतर मलाच पुढं खोटं वाटेल.

कनात धोंडीरामनं मंडपवाल्याकडून मागून आणली आणि दारात दोरी धरून स्वतः उभा राहिला. तिकिटाशिवाय स्वतःच्या साहेबालाही सोडलं नाही. मालेगावचे तीन म्हणाले होते, पाच ट्रक आले. सातपूरच्या कंपन्यांमधून झुंडी आल्या. आमच्या खाणावळीतले नवे मेंबर सगळे ओरडायला पुढं. मला खुर्ची दिली. मी उभीच होते, बसलं की दिसत नाही.

जयराम शेठ पण आला. पैसे येतात का बघायला आला असणार, त्यात वाईट काही नाही. उन्हात उभा राहून त्याचा घसा सुकला. मी किटली घेऊन फिरत होते, त्यानं हात पुढं केला.

म्हणलं, ‘‘शेठ, चहा माझ्या चुलीवरचा आहे.’’

‘‘माहीत आहे बाई. ओता.’’

ओतला. प्याला. दुसरा मागितला. त्याचे पैसे मात्र घेतले, पहिल्याचे नाही.

आम्ही दोन-एकनं हरलो. सहादूनं तीन बॉल असे अडवले की मालेगाववाले पण टाळ्या वाजवत होते. भिकननं गोल मारला तेव्हा मी काय ओरडले मला माहीत नाही. लंका म्हणते, लिहिण्यासारखं नव्हतं.

गल्ल्याचा डबा दोघांनी उचलून आणला. बूटवाला मिटला, लीग मिटली, आणि शिल्लक उरली ती उद्या जयराम शेठकडं.

मिठाकडं आज लक्ष ठेवलं होतं.

२९ सप्टेंबर

जयराम शेठचं खातं मिटलं, दसऱ्याच्या दोन दिवस आधी. मॅचचे पैसे, नव्या मेंबरांचे पैसे आणि या सप्टेंबरात एकाचाही खाडा नाही, ते पैसे. पाच वर्षांत असा बिनखाड्याचा महिना गेलेला नाही. मी शेठला तसं म्हणलं. शेठ गालातल्या गालात हसला, ‘‘तुमची पोरं विसरभोळी आहेत खरी.’’ याला कुणी सांगितलं?

भांड्यांवर फडकं मारलं. कल्हईला आलीत. उद्या कल्हईवाल्याला बोलावते.

१ ऑक्टोबर

आज दसरा. सकाळी विहारात गेले, नवं हिरवं लुगडं नेसून. आल्यावर बघते तर पोरं पंगत मांडून बसलेली, मालेगावहून खलीलभाई पण आलेला. मी पदर खोचला, वाढायला निघाले. भिकन आडवा आला.

‘‘आजी, तू बैस.’’

‘‘आणि वाढणार कोण, तुझा काका?’’

‘‘मी वाढतो,’’ धोंडीराम म्हणाला. माझा धोंडीराम. हातात भाजीचं पातेलं.

भिकननं कागदातून ताट काढलं. नवं, भांडी बाजारातलं. वर कोरलेलं, ‘चांगुणाबाई, मालक, ज्योत फुटबॉल क्लब’. मी बोट फिरवून वाचलं, अडखळले नाही.

खरं सांगायचं तर माझ्या खाणावळीत माझं ताट कधी नव्हतंच. सगळे उठले की उरलेलं पातेल्याच्या झाकणात घेऊन मी चुलीपाशी खाते. पाच वर्षं तसंच चाललंय, त्यात मला कधी काही वाटलं नाही. यांनी हे कधी बघितलं देव जाणे. चिखलाच्या पायांची पोरं, मला वाटायचं यांना बॉलशिवाय काही दिसत नाही.

म्हणलं, ‘‘पत्रा पातळ आहे.’’

‘‘आहे,’’ भिकन म्हणाला. ‘‘बैस.’’

पहिल्या पंगतीला बसले. खलीलभाई एका बाजूला, सहादू दुसऱ्या. गरम भाकरी ताटात पडली. स्वतः न थापलेली गरम भाकरी मी किती वर्षांनी खाल्ली, आठवत नाही. आमटीत गूळ जास्त होता. दोनदा घेतली.

४ ऑक्टोबर

हे वणीच्या एसटीत बसून लिहिते आहे, म्हणून अक्षर नाचतंय. बहिणीच्या, शकुबाईच्या, नातीचं बारसं आहे. दोन दिवसांनी परत. मॅच रविवारी आहे, तोवर पोचायलाच हवं, मालक आहे मी.

सकाळी निघताना पिशवी उचलली. माझं ताट मांडणीवर, भिकनच्या शेजारी, उताणं. लंका भाकरी थापत होती, मान वर न करता बोलली, ‘‘आत्याबाई, दोन दिवस नाहीत तुम्ही. ताट उपडं घाला, नाहीतर पैसे पडतील.’’

मी तिच्याकडं बघितलं. मग मांडणीकडं. सहादूचं, वाल्मीकचं, सगळ्यांची ताटं. सप्टेंबरभर सगळी अशीच उताणी. कार्टी पदरात हसत होती.

एक महिन्याचे पैसे गल्ल्यात टाकले. आधीच, त्या नव्या मेंबरासारखे.

म्हणलं, ‘‘राहू दे तसंच. विसरले मी.’’